एक बोट जागा

९ फेब्रुवारी

दाजींना नमस्कार.

साष्टांग घालायला गुडघा नाही म्हणतो आणि मनही त्याच्याच बाजूचं आहे. ‘तुम्ही’ लिहितोय हे लक्षात आलं असेलच. शाळेत तुम्ही एक इयत्ता पुढे होतात तरी ‘तू’ होतात, माझ्या बहिणीशी लग्न करून दाजी झालात तरी ‘तू’च राहिलात. पण ज्याने मला माझ्याच बोटीतून उतरवलं त्याला ‘तू’ म्हणायला आता जीभ वळत नाही.

पत्राचं कारण एवढंच की इंजिन पोचलं. गाडीवाल्याने ते वर्कशॉपच्या दारात उतरवलं. ‘कुठे ठेवू?’ असं त्याने तीनदा विचारलं म्हणे, शेजारचा वेल्डर सांगत होता. मला एकदाच ऐकू आलं. मी त्यावर ताडपत्री घातली. सासरहून परत पाठवलेल्या सुनेसारखं ते बसलंय, आणि मी तिच्या बापासारखा भोवती फेऱ्या घालतोय.

ताई विचारत होती, दाजींना फोन का करत नाहीस. हल्लीच्या फोनांत दम नाही. सगळे पुटपुटतात. नदीच्या या काठावरून त्या काठाला पत्र जायचं तर मोठ्या पोस्टातून वळसा घालून जातं हे मला माहीत आहे. जाऊ दे. तेवढाच माझा राग जरा मुरेल.

आता मुद्द्याचं. ‘इंजिनापाशी बसणं बंद करा’ असं कानाच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या. मला. ताई शेजारी होती म्हणून तिने ऐकलं, घरी येऊन तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही सरळ इंजिनच उपटायला निघालात. म्हणे बोट विजेवर चालवू, आवाज नको, धूर नको. किती तो कळवळा! इंजिन गेलं की इंजिनवाला आपोआप जातो, एवढं मला कळतं. सुकाणू तुमच्या हातात, तिकिटं ताईच्या हातात. माझ्या हातात काय देणार होतात? कानात घालायला कापूस?

आणि या कामाला आणलंत कोणाला, तर त्या टेलिफोनला. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या आणि निवृत्त झाल्यावर गळ्यात दोरीने चष्मा अडकवून धक्क्यावर हिंडायला लागला, तो. बोटीत चढताना अजून दोन्ही हातांनी कठडा धरतो. इंजिनावरची आपली ती शेवटची फेरी. मोटर कुठे बसवायची याची खूण करायला मी इंजिनामागे वाकलेला, पेन्सिल हातात, तो बाजूला उभा. आणि तुम्ही सुकाणूवरून ओरडलात, ‘बोट सोड!’

त्याच्या देखत.

मी सोडली. पेन्सिल कानावर खोचली, धक्का लागल्यावर उतरलो आणि मागे वळून पाहिलं नाही. एकदा पाहिलं. तुम्ही त्याच्याशी बोलत होतात.

ताईला सांगा, तिचा भाऊ वेळेवर जेवतो.

आपला, व्यवहारापुरता,
मेव्हणा

२७ फेब्रुवारी

दाजी,

ताई गुरुवारी येऊन गेली. मी काहीही विचारलं नाही. ती आपणहून सांगत होती आणि मी कानस चालवत होतो. मध्ये मध्ये हात थांबत होता, तो दुखतो म्हणून.

तर मोटर मिळाली. गोदामातल्या जुन्या फोर्कलिफ्टची, भंगारातून. छान झालं. बिचारीने आयुष्यभर खोकी उचलली, आता म्हातारपणी जलविहार घडेल. आणि बॅटऱ्या कुठल्याशा ठोकलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या. नवीन सामान घ्यायची ऐपत नाही हे मला ठाऊक आहे, मी हसत नाहीये. म्हणजे तेव्हा हसलो. जरा मोठ्याने हसलो असेन, कारण वेल्डर बाहेर येऊन बघून गेला.

सल्ला मी देणार नाही. कोणी मागितलेला नाही. फक्त त्या टेलिफोनला कोणीतरी सांगावं की फोर्कलिफ्टची मोटर हवेवर थंड होते, आपल्या इंजिनासारखी नदीच्या पाण्यावर नाही. बॅटऱ्या पुढच्या टोकाला ठेवायचा मोह होईल, कारण जागा तिथेच आहे. तसं केलं तर बोट नाक खाली घालून चालेल. इंजिन होतं तिथेच, अगदी तळाशी ठेवा. आणि शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथलं दोरीचं पॅकिंग आवळून कोरडंठाक करायला जाऊ नका. ते थेंब थेंब गळायलाच हवं, नाहीतर आतल्या आत जळतं. जळणं काय असतं ते मला विचारा. पॅकिंगचं म्हणतोय मी.

हे सगळं ताईच्या तोंडी सांगता आलं असतं. पण ती मधूनच विसरते आणि मग माझं नाव खराब होतं.

ताई आणखी एक म्हणाली. ‘त्यांच्याबरोबर हे हसतात रे दिवसभर,’ असं म्हणाली. माझ्या पुढ्यात, इतक्या सहज, जशी काही हवापाण्याची बातमी. तुम्ही हसता? काम करताना? आपण दोघं बोटीत कधी बोललोसुद्धा नाही. इंजिनाच्या धडधडीत कोणाचं काय ऐकू येणार? सगळं हातांनी चालायचं. मूठ म्हणजे वेग कमी कर, तळवा म्हणजे थांब, कोपर वर म्हणजे ताई बघतेय, विडी टाक. या तीन खुणांवर मी तुम्हाला अर्ध्या नदीत पोट धरून हसवलेलं आहे. त्याला काय येतं? एक्स्चेंजमधले किस्से?

एखादा किस्सा ताईजवळ सांगून पाठवा. बघू तरी.

मेव्हणा

१६ मार्च

दाजी,

हे तुम्हाला नाहीतरी कळेल, म्हणून मीच सांगतो. मी आलो होतो. काल दुपारी, पुलावरून बसने, तुम्ही तिघं घरी जेवायला गेलात तेव्हा. काठावर ओढून ठेवलेल्या बोटीत चढलो. माझी बोट आहे, अर्धी. मला कोणाची परवानगी लागत नाही.

मनात भाषण तयार होतं. वायरींचा गुंता असेल, चिकटपट्ट्या लोंबत असतील, आणि ते बघून मी एक लांबलचक पत्र लिहीन असं ठरवून आलो होतो. बसमध्येच दोन वाक्यं सुचली होती, चांगली होती.

दाजी, काम सुंदर आहे. हे चार शब्द लिहिताना मला पाणी प्यायला उठावं लागलं. बॅटरीचा एकेक सेल तपासून, पुसून, लाकडी खाचेत बसवलाय. जे दमलेले निघाले ते वेगळ्या खोक्यात, आणि खोक्यावर लिहिलंय ‘यांना विश्रांती’. जाड वायर जिथे म्हणून वळते तिथे तिला पट्टीने धरलंय, कुठे लाकडाला घासणार नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी तोंडाशी आहे, जिथे हवा तिथेच. मोठी कप्पी, लहान कप्पी, मधला दात्यांचा पट्टा, सगळं एका रेषेत. मी डोळा लावून पाहिलं. पुन्हा दुसरा डोळा लावून पाहिलं. प्रत्येक वायरीच्या टोकाला चिठ्ठी, आणि अक्षर असं की मुलांना कित्ता द्यावा.

वाईट असतं तर मी त्या माणसाला जागच्या जागी माफ केलं असतं.

तुम्ही निदान माझी पेन्सिलची रेघ पुसली नाहीत. मोटर बरोबर तिच्यावरच बसवलीय, मागच्या आडव्या फळीला टेकून. तेवढ्यावर मी जरा खूश झालो आणि उतरायला निघालो, तर सुकाणूपाशी थर्मास दिसला आणि त्याच्यावर दोन कप. आपल्या वेळी एक कप होता. आधी तू प्यायचास, मग मी, आणि तळाशी उरलेला नदीला. त्याला वेगळा कप म्हणजे तो पाहुणा आहे, अशी मी समजूत घालून घेतली. मग नीट पाहिलं. दोन्ही कप सारखे होते. नवे.

तू कप घेतलेस, दुकानात जाऊन? दोघांसाठी एकसारखे?

‘तुम्ही’ म्हणायचं होतं. राहू दे आता, खोडलं तर आणखी वाईट दिसेल.

माझ्या पोटात दुखतंय. ताई म्हणते पित्त असेल. तिला सांग, पित्त नाही, कारण वेगळं आहे आणि ते तिच्या नवऱ्याला आपणहून कळलं तर बरं.

३ एप्रिल

दाजी,

तुमची चिठ्ठी पोचली. शेवटी लिहायला सवड मिळाली म्हणायची. इतकी पत्रं मी लिहिली आणि उत्तर काय, तर तीन ओळी. ‘मोटर तापते. अर्ध्या नदीत बंद पडली, वल्ह्यांनी परत आणली. तू बोट सोडलं होतंस का?’

वल्ह्यांनी! टेलिफोनने वल्हं मारलं? कठड्याला धरायचे हात मोकळे कसे केले? मी आज वर्कशॉप लवकर बंद केलं आणि वेल्डरला चहा पाजला. तो विचारत होता कशाबद्दल. मी म्हटलं, काही नाही रे, हवा छान आहे.

आणि तुमचं व्याकरण शाळेत होतं तिथेच आहे. ‘बोट सोडलं’ काय? बोट ती. ‘सोडली’. वरच्या इयत्तेत असून बाईंच्या छड्या तुम्हीच जास्त खाल्ल्यात त्या उगाच नाही. तर होय, सोडली होती. मी आपणहून सोडली नव्हती, तुमच्या तोंडून ऐकून सोडली. ज्याच्या भरवशावर मला उतरवलंत त्यालाच विचारा मोटर का तापते. मला आता त्या बोटीचं काही देणंघेणं नाही. नव्या कपांतून चहा प्या आणि विचार करा.

त्याच दिवशी, दिवे लावल्यावर

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, पाकीट फोडून परत काढलं. खरं तर चुलीत घालायला हवं. पण असू दे, तुला दिसू दे तुझा मेव्हणा किती शहाणा आहे ते.

सोडलं. ते बोट. हाताचं.

कुलूप लावता लावता माझ्या डोक्यात उजेड पडला. हात तसाच कडीवर राहिला. मोटर आणि मागची फळी यांच्यात एक बोट जागा सोड म्हणजे तिच्या पंख्याला हवा मिळेल, असं तू म्हणत होतास. मी फळीला चिकटून रेघ मारताना तुला दिसलो आणि तू ओरडलास, ‘एक बोट सोड!’ इंजिन माझ्या डाव्या कानाला लागून धडधडत होतं. त्यातलं ‘एक’ इंजिनाने खाल्लं. बाकीचं मी ऐकलं.

सुताराला दोन बोटं, लोहाराला चार बोटं, पाणी किती चढलंय तर वीतभर. आपण दोघांनी टेप कधी हातात धरला नाही. मग तू आणखी काय म्हणणार होतास? हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण तो तिथे उभा होता ना. तो नसता तर मी ‘काय?’ म्हणून मान वर केली असती आणि तू बोट दाखवलं असतंस. त्याच्यासमोर मला ‘काय?’ म्हणायचं नव्हतं. मला नीट ऐकू येत नाही हे त्याला कळायला नको होतं.

एक बोट सोड म्हटल्यावर अख्खी बोट सोडून जाणारा माणूस या नदीवर एकच निघाला आणि तो तुझ्या नशिबी आला. हस आता. घरी जाऊन हस, ताईला सांगून हस. त्याला सांगू नकोस.

पण मग तू माझ्यामागे का नाही आलास? मी उतरलो, चालत धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो, तिथे बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या बुटाला नाडी नाही, तुला माहीत आहे. तुला वाटलं असेल, इंजिन काढतोय म्हणून हा चिडला, आपोआप येईल. चिडलो होतोच. तरी यायचं होतंस.

पुढच्या रविवारी येतो. माझं बोट घेऊन येतो, त्या फटीत घालून बघायला. तोवर कोणी काही हलवू नका.

१४ एप्रिल

दाजी,

परवा समोर होतास तेव्हा बोललो नाही. माणसं होती, ताई होती, तो होता. घरी आलो आणि कागद काढला.

मी ‘हलवू नका’ लिहिलं होतं. मी पोचलो तर त्याने मोटर पुढे घेऊन जागा केलेली, पट्टा नव्याने ताणून बसवलेला, सगळं पुसून लख्ख. मला राग यायला हवा तेवढा आला. त्या फटीत मी माझं बोट घालून बघितलं, जाईना. त्याची बोटं पेन्सिलीसारखी. ‘हे बोट नव्हे, ही करंगळी,’ असं मी म्हणालो. त्यावर तो काहीतरी म्हणाला आणि तू हसलास. काय म्हणाला ते मला कळलं नाही, मीही हसल्यासारखं केलं. पण मोटर थंड राहिली. सगळी माणसं भरून, सायकली घेऊन, पलीकडे जाऊन परत येईपर्यंत मी तिच्यावर हात ठेवून होतो. मांजरीच्या पाठीइतकी गरम, त्याहून जास्त नाही. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

सवयीने मी मागे बसलो. तेल बघायचं नाही, नळी बघायची नाही, कुठे काय खडखडतंय ते अंगाने ओळखायचं नाही. माणसं इतक्या हळू बोलत होती, जसं काही शेजारी मूल झोपलंय. दोघीतिघींनी मागे वळून मला विचारलंसुद्धा, ‘सुरू झाली का?’ मी म्हटलं, केव्हाच. त्यांनी मला ओळखलं नाही. इंजिनाशेजारचा काळा माणूस म्हणूनच त्या मला ओळखत असणार.

तुम्ही दोघं पुढे बसला होतात आणि बोलत होतात. हात हलत नव्हते, तोंडं हलत होती. मला कुठला तरी एखादा शब्द मिळायचा आणि पुढचे चार वाऱ्यावर जायचे. मध्येच तू त्याच्याकडे न बघता नदीकडे बघत काहीतरी पुटपुटत होतास आणि तो मान डोलवत होता. मला वाटलं, माझ्याबद्दल सांगतोयस.

धक्क्यावर उतरल्यावर मी ताईला विचारलं. ती म्हणाली, ‘गुणगुणत असतील. सुकाणू हातात आलं की गुणगुणतात ते. पहिल्यापासून. त्यांचे वडील वल्हवताना गुणगुणायचे ना, तेच.’ आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, ‘तुला माहीत नव्हतं?’ तेवढ्यात तो टेलिफोन चष्मा पुसत मोठ्याने म्हणाला, ‘मधली ओळ मात्र रोज विसरतात हं.’

रोज.

दाजी, इतकी वर्षं मी त्या बोटीत तुझ्यापासून हातभर अंतरावर बसलो. तुझे ओठ हलताना मी रोज पाहिले. मला वाटायचं, तू मला शिव्या देतोस. वेग कमी केला नाही म्हणून, धूर केला म्हणून. मीही मागे बसून परत द्यायचो, आणि खोटं कशाला सांगू, मनापासून द्यायचो. तू गात होतास आणि मी तुझ्या सात पिढ्या उद्धरत होतो, असं करत आपण किती माणसं नदीपार नेली असतील.

मला त्या माणसाचा हेवा वाटतो. चांगला माणूस आहे म्हणून जास्तच वाटतो. त्याला जे आल्या आल्या मिळालं ते मला मिळालं नाही, आणि मला ते न मिळू देणारं इंजिन मीच रोज पुसत होतो, तेल घालत होतो, कुठे जरा आवाज बदलला तर रविवार घालवून ते पुन्हा जोरात धडधडेपर्यंत घरी जात नव्हतो. हे मी कोणावर काढू?

आता जे ताईलाही ठाऊक नाही ते सांगतो. डॉक्टरीणबाई पुढचं बोलायला लागल्या तेव्हा मी तिला औषधं आणायला बाहेर पाठवलं होतं. डावा कान गेला, दाजी. कमी झाला नाही, गेला. उजव्यात अजून आहे. किती दिवस राहील ते त्यांना सांगता येत नाही, आणि राहील तेवढं मला वेल्डरच्या ठोकाठोकीवर घालवायचं नाही.

म्हणून हे मागणं आहे. शनिवारी सकाळी, माणसं यायच्या आधी, रिकामी बोट काढायची. कामाचं काही बोलायचं नाही. तू सुकाणू धरायचंस आणि गुणगुणायचं, जरा मोठ्याने, लाजायचं नाही, मधली ओळ विसरलास तर विसरलास. मी तुझ्या डाव्या हाताला बसणार, म्हणजे माझा उजवा कान तुझ्याकडे येतो.

तिथे सध्या तो बसतो, मला माहीत आहे. त्याला उठव.